भाजलेल्या जखमेवर काय लावावं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

उकळता चहा अंगावर सांडला, की त्वचेचा वरचा थर जातो आणि खालचा थोडाफार भाजतो. फोड येतात, आग होते. अशी फार खोल नसलेली जखम नीट जपली तर बहुधा दोन-तीन आठवड्यांत भरते. घाईच्या उपायांनी ती चिघळू शकते.

गैरसमज : लगेच टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावावं.
वस्तुस्थिती : यांनी उष्णता निघत नाही, उलट जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. भाजलेला भाग वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. पहिल्या तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ नको, त्याने त्वचेला आणखी इजा होते. फोडही फोडू नका.

गैरसमज : जखम उघडी ठेवली की लवकर सुकते.
वस्तुस्थिती : खालच्या थरात वाचलेल्या केसांच्या मुळांपासून आणि घामाच्या ग्रंथींपासून नवी त्वचा वाढते. त्या पेशींना ओलावा हवा. म्हणून ड्रेसिंग ओल धरणारं आणि न चिकटणारं असावं. याच विचाराने मुंबईत डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं, तर शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचं स्वस्त ड्रेसिंग वापरून पाहिलं.

गैरसमज : सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलमच सर्वोत्तम.
वस्तुस्थिती : सोलापूरचे डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली 104 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध लावलेल्या 87 टक्के जखमा पंधरा दिवसांत भरल्या, या मलमाच्या गटात 10 टक्के. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यातही हे मलम सिलिकॉनच्या आणि चांदीयुक्त ड्रेसिंगपेक्षा मागे पडलं. शिवाय त्याचा साका जखमेवर बसतो आणि खोली ओळखणं अवघड होतं.

गैरसमज : मग घरचा मध, परसातलं केळीचं पानही चालेल.
वस्तुस्थिती : नाही. रुग्णालयात साली आणि पानं निर्जंतुक करूनच वापरली गेली. जखमेसाठीचा वैद्यकीय मधही गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. बरणीतल्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात.

पाण्याने थंड केल्यावर स्वच्छ, कोरड्या सुती कापडाने जखम सैल झाका आणि डॉक्टरांकडे जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा. चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल, रुग्ण लहान मूल किंवा वृद्ध असेल, तर क्षणाचाही उशीर नको. तीन आठवड्यांतही न भरणाऱ्या जखमेला त्वचारोपण लागू शकतं. ते वेळेत झालं तर व्रण कमी राहतात आणि सांधे आखडण्याचा धोका कमी होतो.