विश्लेषण : एरवी स्पर्धक असलेल्या बांधकाम कंपन्या मोठ्या प्रकल्पांत भागीदार का होतात?

शिवडी ते न्हावाशेवा जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. सुमारे २१.८ किमी लांबीच्या या सेतूपैकी १६.५ किमी भाग समुद्रावर आहे. त्याच्या पहिल्या टप्प्याचे कंत्राट लार्सन अँड टुब्रो आणि जपानची आयएचआय यांनी मिळून घेतले, तर दुसऱ्याचे दक्षिण कोरियाची देवू आणि टाटा प्रोजेक्ट्स यांनी. मुंबई मेट्रो ३ च्या भुयारी कामाची सातही कंत्राटे अशाच भागीदाऱ्यांकडे गेली. यामागे मैत्री कमी, हिशेब जास्त असतो.

निविदेतच अट असते का?

बहुतेक वेळा भागीदारीचे मूळ निविदेच्या पात्रता अटींत सापडते. तशाच स्वरूपाचे आणि आकाराचे काम पूर्वी पूर्ण केल्याचा दाखला, ठरावीक वार्षिक उलाढाल आणि हातातली कामे वजा जाता उरलेली क्षमता कंपनीला दाखवावी लागते. भुयारीकरणाचा अनुभव नसलेली कंपनी कितीही सधन असली तरी बाहेर पडते. मग अनुभव एकाचा, यंत्रणा आणि मनुष्यबळ दुसऱ्याचे, असे गणित जुळवले जाते. काही भागीदार अर्थात केवळ दाखल्यापुरतेच असतात. म्हणूनच मुख्य भागीदाराचा किमान हिस्सा किती असावा, हेही अनेक निविदांत ठरवून दिलेले असते.

तंत्रज्ञानाचा वाटा किती?

अटल सेतूवर जहाजांच्या वाटेसाठी दोन खांबांतले अंतर काही ठिकाणी १८० मीटरपर्यंत ठेवावे लागले. तिथे काँक्रीटऐवजी वजनाला हलके, पोलादी ‘ऑर्थोट्रॉपिक डेक’ बसवण्यात आले. अशा पोलादी पुलांचा जपानी, कोरियन कंपन्यांचा अनुभव मोठा. मात्र खाडीतला चिखल, स्थानिक परवानग्या, पुरवठादार आणि मजूर यांची घडी बसवणे परदेशी कंपनीला एकटीने जड जाते.

जोखीम खरेच वाटली जाते का?

इथेच खरी मेख आहे. संयुक्त उपक्रमात, म्हणजे ‘जेव्ही’मध्ये, नफा-तोटा सहसा ठरलेल्या हिश्श्याने वाटला जातो, ‘कन्सॉर्शियम’मध्ये ज्याने त्याने आपापल्या कामाचा हिशेब पाहायचा. पण हे झाले आपसातले. सरकारी यंत्रणेपुढे जबाबदारी बहुधा ‘संयुक्त आणि वैयक्तिक’ असते. एक भागीदार कोसळला, तर उरलेल्यांनी सगळे काम पूर्ण करून द्यायचे.

हे कागदावरचे कलम नाही. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन शहराला वळसा घालणारा ५८ किमीचा रस्ता बालफोर बीटी, गॅलिफोर्ड ट्राय आणि कॅरिलियन या तीन ब्रिटिश कंपन्या मिळून बांधत होत्या. जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियन दिवाळखोरीत गेली आणि तिच्या वाट्याचा खर्च उरलेल्या दोघांच्या अंगावर आला.

करारात काय पाहतात?

त्यामुळे आता भागीदाराच्या तांत्रिक दाखल्यांइतकाच त्याचा ताळेबंद तपासला जातो. बँक हमी कोणी किती द्यायची, वाढीव खर्चाचे दावे कोणी मांडायचे, एखाद्याने हप्ता थकवला तर त्याचा हिस्सा किती घटवायचा, हे निविदा भरण्याआधीच लिहून घेतले जाते. सर्वाधिक घासाघीस होते ती शेवटच्या कलमावर.