आभाळाचं मोजमाप

सोलापूरला समुद्र नाही, पण इथल्या पावसाळ्याचं बरंचसं पाणी अरबी समुद्रावरून येतं. नैऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना त्यातलं बहुतेक घाटमाथ्यावरच सोडतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, तर सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला पाचशे ते सातशे येतो. आभाळ भरून येतं आणि न बरसताच पुढं सरकतं.

असं का होतं, याचा शोध पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं (आयआयटीएम) सोलापुरातच घेतला. २००९ साली सुरू झालेल्या ‘कायपीक्स’ या ढग-अभ्यास मोहिमेचा चौथा टप्पा २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात इथं पार पडला.

केगावच्या सिंहगड अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सी-बँड रडार उभं राहिलं. त्याच्या सुमारे पाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून परततात. त्यांच्या जोरावरून पावसाची तीव्रता कळते आणि बदललेल्या वारंवारतेवरून थेंब वाऱ्याबरोबर किती वेगानं जवळ येताहेत की लांब जाताहेत, ते कळतं. पण रडार पाहतं ते उंचावरचे थेंब. सोलापूरच्या कोरड्या हवेत त्यातले काही वाटेतच विरतात. म्हणून जमिनीवर स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं आणि उंचावरचं तापमान व आर्द्रता मोजायला उपकरणं बांधलेले फुगे, अशी जोड लागते.

बरसण्यासाठी ढगात लहान-मोठे थेंब हवेत. मोठा थेंब खाली येताना लहानांना गिळत जातो. सगळेच बारीक असले, तर टकरी होत नाहीत. म्हणून वाढत्या ढगाच्या तळाशी विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले गेले; हेच बीजारोपण. ते ओलावा खेचून थेंब मोठे करतात. दुसरं विमान ढगाच्या आतली मापं घेत होतं.

प्रयोगासाठी २७६ ढग निवडले होते. त्यातल्या कोणत्या ढगात बीजारोपण करायचं, हे शास्त्रज्ञांच्या मर्जीवर नव्हतं. निवड यादृच्छिक होती. उरलेले ढग तुलनेसाठी तसेच सोडले. थारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालच्या चमूचे निष्कर्ष २०२३मध्ये अमेरिकन हवामानशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात आले. वाऱ्याच्या दिशेनं सुमारे शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांनी, तर काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत वाढलेला आढळला.

महाराष्ट्रात २००३ आणि २०१५ सालीही कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. पण बीजारोपणानंतर पडलेला पाऊस एरवीही पडलाच नसता कशावरून, हा प्रश्न अशा प्रयोगांची पाठ सोडत नाही. सोलापूरच्या प्रयोगाचं मोल त्याच्या उत्तरात आहे: बीज न पेरलेले ढगही इथं तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले.

निरभ्र आकाशातून मात्र या तंत्रानं पाऊस पडत नाही. तेव्हा पुढच्या दुष्काळात विमान उडवण्याची घोषणा झाली, की सोलापूरकरांनी आधी विचारावं: ढग कोणते आणि मोजणार कोण?