समुद्रघोडा ओळखायचा कसा?

जगातले सगळे समुद्रघोडे 'हिप्पोकॅम्पस' या एकाच प्रजातीत मोडतात. त्यांचा रंग भोवतालानुसार बदलतो, त्यामुळे केवळ रंगावरून जाती ओळखता येत नाहीत.

शरीर काय सांगते? अभ्यासक धड आणि शेपटीवरची हाडांची कडी मोजतात. डोक्यावरच्या तुऱ्याचा आकार, गालावरचे व अंगावरचे काटे, पाठीच्या परातले किरण आणि डोक्याच्या तुलनेत तोंडाच्या नळीची लांबीही नोंदवतात.

डीएनए काय सांगतो? सीओआय, सायटोक्रोम बी यांसारख्या मायटोकाँड्रियातील जनुकांची तुलना केली, की एकसारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या काढता येतात. वाळवून विकलेल्या समुद्रघोड्यांची जातही अशी ठरवता येते.

नालूचा शोध : दक्षिण आफ्रिकेतील सोडवाना बे इथे सापडलेल्या जेमतेम दोन सेंटिमीटरच्या 'हिप्पोकॅम्पस नालू'ची नोंद 2020 मध्ये झाली. हिंदी महासागरात आढळलेला हा पहिला बुटका समुद्रघोडा. सीटी स्कॅनमधून त्याच्या सांगाड्याची बारीक रचना दिसली. पाठीवरचे काटे टोकदार निघाले. त्याचे जवळचे नातेवाईक आग्नेय आशियात, सुमारे 8000 किलोमीटरवर आहेत. नालूची शाखा त्यांच्यापासून 1.2 कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली, असा जनुकीय अंदाज आहे.

जातींची ही ओळख का महत्त्वाची? समुद्रघोड्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2004 पासून 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. भारतात त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. जात आणि तिचा पट्टा नेमका कळला, तरच कुठला समुद्र आधी राखायचा हे ठरवता येते.