डावा हात आणि उजवा पाय

एखादे काम अगदी सोपे असले, की 'तो तर माझ्या डाव्या हाताचा मळ!' असे आपण म्हणतो. मला मात्र हे वाक्य कधी म्हणता आले नाही. दीड वर्षाचा असताना मला पोलिओ झाला आणि डावा हात लुळा पडला. मूठ वळते, पण तिच्यात जोर नाही. लिहिण्याजेवण्यात या हाताने कधी अडवले नाही. अडवले ते दुचाकीपाशी. आणि पुण्यात राहून दुचाकी न येणे म्हणजे कोकणात राहून होडीची भीती बाळगण्यासारखेच!

मोटारसायकलचा क्लच डाव्या मुठीत असतो. वडिलांच्या बजाज चेतकवर तर क्लच डाव्या हाती आणि मूठ पिळून बदलायचे ते गिअरही डाव्याच हाती. रविवारी ती गाडी पुसून लखलखीत मी करावी आणि तिच्यावर बसून धाकट्या भावाने निघून जावे, असा आमच्या घरचा रिवाज होता.

१९७२ साली निघालेल्या लूनाने माझी सुटका केली. गिअर बदलण्याची भानगडच नाही! नोकरी लागताच मी ती घेतली. पुढे वाचनात आले, की जपानात होंडा कंपनीने १९५८ साली आपल्या सुपर कब गाडीचा हातातला क्लच काढूनच टाकला होता. शेवयांची ताटे एका हाताने तोलत नेणाऱ्या पोऱ्यांनाही गाडी चालवता यावी, हा त्यातला विचार. तो पोऱ्या मला सख्ख्या भावासारखा वाटला.

संसार वाढला तशी बिनगिअरची स्कूटर आली. माझी चूक झाली ती इथे. तिचा मागचा ब्रेक डाव्या मुठीत होता. माझ्याच्याने तो पुरता दाबला जात नसे. मी उजव्या हाताने पुढचाच ब्रेक लावी आणि ही गोष्ट घरात कुणाला सांगत नसे. कोरड्या, सरळ रस्त्यावर ते खपून जाई. पण वळणावर, सुट्या खडीवर पुढचे चाक अडकून घसरले, की सावरायला क्षणाचीही सवड मिळत नाही.

पावसाळा सरता सरता नेमके तेच झाले. मागे सहा वर्षांची कन्या होती. तिच्या हनुवटीला चार टाके पडले. मला खरचटलेसुद्धा नाही. दवाखान्याच्या बाकावर सौ. एवढेच म्हणाली, "अहो, तुम्हांला गाडी चालवता येते, हे मला ठाऊक आहे. थांबवता येते का?"

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीला सारे खरे सांगितले. तो हसून म्हणाला, "साहेब, हात नाही तर पाय आहे ना?" त्याने मागच्या ब्रेकची तार उजव्या पायाशी बसवलेल्या पट्टीला जोडून दिली. असे बदल परस्पर करून चालत नाही. नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती घेतली आणि महिनाभर मोकळ्या मैदानावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, पुन्हा शिकाऊ झालो.

आता दिवस बदलले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातला अपंगांच्या गाडीचा जुना, बोचरा शब्द जाऊन 'अनुकूलित वाहन' आले. त्याच वर्षी सव्वाशे सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही चाके एकदम धरणारा जोडब्रेक किंवा ए.बी.एस. सक्तीचे झाले. गंमत अशी, की बहुतेक स्कूटरींवर हा जोडब्रेक डाव्याच मुठीत! म्हणून माझ्यासारख्यांनी गाडी घेताना ती पळते कशी हे मागून पाहावे. थांबते कशी हे आधी पाहावे.

महिना संपल्यावर कन्येला फिरवून आणावे म्हटले, तर सौ. स्वतःच पदर खोचून मागे बसली. मारुतीच्या देवळापाशी मी पायाने ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली. मागून आवाज आला, "पुन्हा एकदा."

मी सात वेळा थांबून दाखवले. तेव्हा कुठे ती उतरली आणि म्हणाली, "आता न्या तिला."