आधी फोकस की आधी वाय-फाय?

येवल्याच्या पैठणीच्या दुकानात कॅमेरा आला तो परगावच्या गिऱ्हाइकांमुळे. पुण्यामुंबईच्या, कधी परदेशातल्याही ताईंना पदरावरचा मोर मोबाइलवर पाहायचा असतो, आणि तोही आत्ता. याच तालुक्यात ममदापूर-राजापूरच्या माळावर एखादा हौशी छायाचित्रकार भल्या पहाटे काळविटांची वाट पाहत बसलेला असतो. दोघांनाही बेताच्या पैशांत जुना डीएसएलआर घ्यायचा आहे. पैसे कशावर घालावेत? फोकस आपोआप साधणाऱ्या चांगल्या यंत्रणेवर, की वाय-फायवर?

आधी फोकसचे पाहू. डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला बराचसा प्रकाश आरशावरून वर, आपल्या डोळ्याकडे जातो. थोडा प्रकाश आरशातून पार होऊन तळाच्या फोकस-संवेदकावर पडतो. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा तिथे ताडून पाहिल्या जातात. त्या जुळल्या नाहीत, तर भिंग कोणीकडे आणि किती सरकवायचे, हे कॅमेऱ्याला लगेच कळते. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० या फिल्मच्या कॅमेऱ्याने ही सोय लोकप्रिय केली.

मात्र तिला उजेड-सावलीचा फरक लागतो. संक्रांतीच्या पतंगोत्सवात निरभ्र आभाळावर नेम धरून पाहा. पकडायला काहीच नसल्याने भिंग नुसते मागेपुढे घुटमळत राहते. काळवीट तर ताशी ८० किलोमीटरपर्यंत, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर धावू शकतो. तिथे सतत पाठलाग करणारा फोकसच हवा. हुकलेला क्षण परत मिळत नाही आणि मुळातच फसलेला फोकस नंतर संगणकावर पुरता सुधारता येत नाही.

पैठणी मात्र पळून जात नाही. कॅमेरा तिवईवर ठेवा, मागच्या पडद्यावर दृश्य आणा, जरीच्या काठावर चित्र मोठे करा आणि हाताने भिंग फिरवा. संवेदकावर पडणारे चित्रच आपण पाहत असल्याने फोकस अचूक साधतो. चार सेकंद जास्त लागले तर बिघडत नाही. म्हणजे दुकानदाराला महागड्या फोकसची गरज नाही.

आता वाय-फाय. कॅननच्या ६डीमध्ये २०१२ साली आणि निकॉनच्या डी५३०० मध्ये २०१३ साली ते अंगचेच आले. दिवसाला वीस साड्यांचे फोटो पाठवणाऱ्याचा त्यात खरोखर वेळ वाचतो. मात्र किती मोठे चित्र जाते, ते तपासून घ्यावे. काही कॅमेरे मोबाइलवर आपोआप लहान प्रत धाडतात. निकॉनच्या स्नॅपब्रिजमध्ये ती २ मेगापिक्सेलची असते. पूर्ण साडी दाखवायला ती पुरते. विणीचा बारकावा दाखवायला मूळ चित्रच पाठवावे.

शिवाय वाय-फाय नसेल, तर मोबाइलला जोडायचा साधा कार्ड रीडर ते काम भागवतो. फोकसची यंत्रणा मात्र मागाहून बाहेरून बसवता येत नाही. म्हणून माळावर जाणाऱ्याने आधी फोकस पाहावा; दुकानदाराने वाय-फाय खुशाल घ्यावे.

आज कंपन्यांचा भर बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर आहे, पण वापरलेले डीएसएलआर अजून मिळतात. ते घ्यायला जाताना दुकानदाराने एक पैठणी बरोबर न्यावी. माळावरच्या हौशी माणसाने दुकानाच्या दारात उभे राहून रस्त्यावरची धावती मोटारसायकल टिपून पाहावी. वाद तिथल्या तिथे मिटेल.