पिकअप गाडीचा दम का तुटतो?

कर्जत-खालापूर भागात आज ज्या गाडीवाचून कोणाचेच पान हलत नाही, ती म्हणजे डिझेलवर चालणारी पिकअप. पहाटे भाजी आणि दूध तीच नेते, दुपारी विटा आणि सिमेंट तीच वाहते, आणि लग्नसराईत मांडवाचे सामानही तिच्यावरच लादले जाते. ही गाडी बोरघाटाच्या चढावर अचानक ओढीनाशी झाली, की चालकाच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘टर्बो गेला’. मालक तो शब्द ऐकून कपाळाला हात लावतो, आणि पुष्कळदा त्या खर्चाचा भार शेवटी चालकाच्या पगारावर येऊन पडतो. म्हणून हा टर्बो म्हणजे काय, तो कशाने बिघडतो आणि बिघाडाचा दोष कोणाचा, हे तिन्ही प्रश्न एकत्रच पाहिले पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम यंत्र समजून घेऊ. डिझेल जळावयाचे तर हवा हवी. जितकी हवा अधिक तितके डिझेल अधिक जळणार आणि तितकी शक्ती अधिक मिळणार. साधे इंजिन आपल्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढ्यावर भागवते. टर्बोचार्जर मात्र हवा दाबून आत भरतो. त्यासाठी तो वेगळे इंधन मागत नाही. सायलेन्सरवाटे जो गरम धूर फुकट जावयाचा, त्याच्याच जोरावर एक लहान चाक फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, आणि ते ताजी हवा दाबते. दाबाने हवा तापते व विरळ होते, म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड करून मग इंजिनात सोडतात.

आपल्या लोकांना ही कल्पना नवी वाटू नये. खोपोलीचे वीजकेंद्र 1915 साली आणि भिवपुरीचे 1922 साली सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी खाली येते, चाक फिरवते आणि वीज होते. तेथे पाणी, येथे धूर, एवढाच फरक. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. आज ते यंत्र आपल्या भाजीच्या गाडीत, दोन्ही मुठींत मावेल एवढ्या आकाराचे होऊन बसले आहे.

या चाकाची गती मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पूर्ण जोरात ते मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेते, म्हणजे सेकंदाला सोळाशेहून अधिक. एका बाजूला तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधला दांडा तरंगतो तो तेलाच्या पातळशा थरावर. हा तेलाचा थर क्षणभर तुटला तरी धातू धातूवर घासतो. म्हणून टर्बोचे आयुष्य दोनच गोष्टींवर अवलंबून आहे असे म्हणावयास हरकत नाही: स्वच्छ तेल आणि स्वच्छ हवा.

आता बिघाडाकडे वळू. गाडी ओढत नाही म्हणजे टर्बो गेलाच, असे नव्हे. प्रथम एअर फिल्टर पाहावा. वीटभट्ट्या, खडीच्या खाणी आणि कच्चे रस्ते यांची धूळ आपल्याकडे कमी नाही. फिल्टर तुंबला की इंजिन गुदमरते. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरकडे आणि तेथून इंजिनाकडे जाणारे रबरी होज पाहावेत. होज चिरला किंवा त्याची क्लिप सैल झाली, तर दाबलेली हवा वाटेतच निसटते. चढावर सूं असा आवाज येतो, गाडी दम टाकते, आणि जुन्या गाडीत काळा धूर निघतो. फाटलेल्या जागी तेलकट धुळीचा डाग दिसतो. हे काम थोडक्या पैशांत भागणारे असते, पण घाईत नवा टर्बो बसविला जातो आणि दोष तसाच राहतो.

निळसर धूर निघाला तर इंजिन तेल जाळते आहे असे समजावे. येथेही टर्बोलाच फाशी देऊ नये. त्याच्यातून तेल खाली उतरण्याची नळी तुंबली असेल, तर तेल जाणार कोठे? ते सीलमधून बाहेर पडणारच. होजच्या आत तेलाचा थोडा ओलावा दिसणे स्वाभाविक आहे. इंटरकूलरमध्ये तेल साचले असेल तर मात्र चिंता करावी. गाडी थंड असताना होज काढून चाक बोटाने फिरवून पाहावे. दांडा बाजूला किंचित हलला तर चालेल. पण तो पुढेमागे हलत असेल, किंवा चाकाची पाती कवचाला घासली असतील, तर टर्बो उतरवावा.

नवा टर्बो बसवूनही तो लवकरच जातो, ही तक्रार आम्ही अनेक चालकांकडून ऐकतो. कारण उघड आहे. जुना मेला कशाने, हे कोणी पाहिलेच नाही. तेलाची नळी गाळाने तुंबलेली, तेल मुदतीच्या पलीकडे वापरलेले, इंटरकूलरमध्ये जुन्या चाकाचे तुकडे पडलेले; अशा घरात नवा पाहुणा किती दिवस टिकणार?

चालकाच्या हाती जे आहे ते थोडे पण मोलाचे आहे. सकाळी गाडी चालू केल्याबरोबर जोराने रेस करू नये. तेल वर पोहोचू द्यावे. घाट चढून शिंग्रोबाच्या देवळापाशी थांबले, तरी लगेच चावी फिरवू नये. मिनिट-दोन मिनिटे इंजिन हळू चालू द्यावे. एकदम बंद केल्यास तापलेल्या दांड्यावरचे तेल जळून कोळसा होते, आणि तोच पुढे नळी तुंबवतो.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत धुरातील काजळी अडविणारा फिल्टर असतो. त्यामुळे काळा धूर डोळ्यांना दिसत नाही. फलकावरचा दिवा लागतो आणि गाडी आपणहून शक्ती कमी करते. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ही काजळी जळण्याइतकी उष्णता निर्माण होत नाही. दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी सलग चालवावी. दिव्याची वायर तोडणे हा उपाय नव्हे.

एक धोका मात्र जिवाशी गाठ घालणारा आहे. टर्बोचे सील पुरते फुटले, तर इंजिन स्वतःचेच तेल जाळू लागते. मग चावी काढली तरी ते बंद होत नाही आणि वेग वाढतच जातो. अशा वेळी क्लच दाबून गाडी कडेला घ्यावी, हातब्रेक ओढून पायाचा ब्रेक पूर्ण दाबावा, वरचा गिअर टाकून क्लच एकदम सोडावा. इंजिन गुदमरून थांबते. हवेच्या तोंडावर हात कधीही ठेवू नये. हे साधले नाही तर गाडी सोडून दूर व्हावे. गाडी पुन्हा घेता येते, माणूस नाही.

आता शेवटचा प्रश्न: पैसे कोणी भरावयाचे? नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झाले असेल आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली असेल, तरच पगारातून कपात करता येते. हे तत्त्व 1936 च्या वेतन कायद्यात होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे. तेल कोणी बदलावयाचे होते? फिल्टर मागितला तेव्हा ‘पुढच्या महिन्यात’ असे कोण म्हणाले? क्षमतेपेक्षा अधिक माल कोणी भरला? याची उत्तरे कागदावर असतील तर भांडण उरत नाही. म्हणून आमचे चालकांना सांगणे असे, की एक साधी वही गाडीत ठेवा. तेल कधी बदलले, दिवा कधी लागला, मालकाला कधी कळविले, हे तारखेसह लिहा आणि सही घ्या.

मालकांनाही आमचे तेच सांगणे आहे. त्यांच्यातील बहुतेक जण बँकेचा हप्ता भरणारे लहान माणसेच आहेत, हे आम्ही विसरत नाही. वेळेवर बदललेल्या तेलाचा खर्च नव्या टर्बोच्या मानाने फार थोडा असतो. त्या वहीने मालकाचा पैसा वाचतो आणि चालकाचा पगारही.