गोठ्यातील ओला हात आणि २४ व्होल्टचे बटन

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतवस्तीला विजेची सवय आता जुनी झाली आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, १९६२ साली कोयनेच्या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू झाली आणि पुढे कृष्णाकाठच्या मळ्यांतून मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली. आज घर, न्हाणी, गोठा व पंप यांची वायरिंग पुष्कळदा एकाच आवारात असते. सोय वाढली, तसा धोकाही दाराशी आला.

पहाटे धार काढणाऱ्या माणसाचे हात ओले असतात, पायांखाली शेणामुताची ओल असते आणि अशा स्थितीत तो भिंतीवरील बटन दाबतो. त्या बटनात २३० व्होल्टचा दाब असतो. कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते; ओली कातडी फार थोडा करते. बटन तडकलेले असेल किंवा पावसाळ्यात भिंत झिरपलेली असेल, तर हा दाब प्राणघातक ठरतो. जनावरांना तर माणसाहून कमी दाबाचाही धक्का बाधतो. म्हणून जेथे ओला हात पोहोचतो, तेथे मोठा दाब आणूच नये, हा उपाय सर्वांत सरळ होय.

हे काम रिले नावाचे लहान साधन करते. त्यात तारेची एक गुंडाळी असते. बटन दाबताच गुंडाळीतून २४ व्होल्टचा प्रवाह वाहतो, तिचे लोहचुंबक बनते आणि ते लोखंडी पट्टी ओढून दिव्याच्या २३० व्होल्टच्या मार्गातील संपर्कबिंदू जुळविते. दोन्ही मार्ग एकमेकांपासून अलग राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांच्या वायरिंगसाठी अशी २४ व्होल्टची पद्धत विक्रीस आली. आपल्या पंपाच्या स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइलही याच तत्त्वावर चालते. म्हणून ही कल्पना शेतकऱ्यांस अगदी परकी नाही.

जोडणीसाठी २३० व्होल्टचे २४ व्होल्ट करणारा लहान ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याच्या दोन्ही गुंडाळ्या पूर्णपणे अलग असल्या पाहिजेत. एकाच गुंडाळीचा ऑटो-ट्रान्सफॉर्मर येथे मुळीच चालणार नाही. ट्रान्सफॉर्मर व रिले कोरड्या जागी, बंद पेटीत बसवावे आणि गोठ्यात केवळ बटन व २४ व्होल्टच्या तारा न्याव्या. या तारा २३० व्होल्टच्या तारांबरोबर एकाच नळीतून ओढू नयेत. आवरण चिरल्यास मोठा दाब लहान तारेत उतरतो. दिव्यासाठी एकदा दाबताच लागणारा व पुन्हा दाबताच विझणारा रिले घेतल्यास घरातून व गोठ्यातून, दोन्हीकडून तोच दिवा चालविता येतो.

अंतराचीही फारशी अडचण नाही. समजा, रिलेला ५ वॅट लागतात. म्हणजे प्रवाह सुमारे ०.२ अँपिअर झाला. १०० मीटर अंतरासाठी जाण्यायेण्याची मिळून २०० मीटर तार लागते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत एवढ्या अंतरात एक व्होल्टही घटत नाही.

पंपाच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी. ५ अश्वशक्तीची मोटार चालू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. लहान रिलेचे संपर्कबिंदू त्याने जळतात. रिलेने स्टार्टरची कॉइल चालवावी आणि स्टार्टरने मोटार. ओव्हरलोड व सिंगल फेजपासूनचे संरक्षण वगळू नये. वीज गेल्यावर पंप बंद व्हावा आणि वीज येताच आपोआप सुरू होऊ नये, अशीच जोडणी करावी. सर्व पंप एकदम सुरू झाले की गावच्या रोहित्रावर भार येतो. याच कारणासाठी ऑटोस्विच न वापरण्याचे आवाहन महावितरण करीत आले आहे.

कडबाकुट्टी मात्र दुरून सुरू करण्याची सोय कदापि करू नये. घरातून कोणी बटन दाबील त्याच क्षणी दुसऱ्याचा हात यंत्रात असू शकेल. ती बंद करण्याची बटने हवी तेवढी असावीत. सुरू करण्याचे एकच आणि तेही यंत्राजवळ असावे.

या पद्धतीने बटनाचा धोका टळतो. दिव्याचा, मोटारीचा किंवा न्हाणीतील हीटरचा टळत नाही. म्हणून चांगले अर्थिंग व ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आवश्यकच आहे. रिलेने दिवा विझला म्हणजे तार निर्धोक झाली असे समजू नये. दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करावा. सर्व जोडणी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी वस्तीवरील गोठे पाहावेत, तडकलेली बटने तत्काळ बदलावयास सांगावे आणि एखाद्या उत्साही शेतकऱ्याच्या गोठ्यात एक दिवा या पद्धतीने बसवून घ्यावा. शेजाऱ्यांनी तो स्वतः लावून व विझवून पाहिला, म्हणजे सांगण्याचे निम्मे काम झाले.